छोटी गाडी, आईंची खुर्ची

शोरूमला जाताना आम्ही व्हीलचेअर बरोबर घेतली होती. नवऱ्याचं म्हणणं, इंटरनेटवर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात, खरं काय ते डिकी उघडल्यावर कळतं. म्हणून आदल्या दिवशीच मोठी टॅक्सी सांगून ठेवली, आईंना तिच्यात बसवलं, खुर्ची मागे उभी केली आणि आम्ही चौघं निघालो. ठकी खिडकीशी बसली होती. ठकी म्हणजे आमची मुलगी, नऊ वर्षांची. आई म्हणजे माझ्या सासूबाई. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि त्यांची डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली. "डावी बाजू संपावर आहे, उजवीला ओव्हरटाइम पडतो," असं त्या भेटायला येणाऱ्यांना सांगतात, आणि ती माणसं हसावं की नाही या विचारात चहा संपवतात.

आमची जुनी गाडी सासऱ्यांच्या वेळची होती, लांबलचक. तिच्या मागच्या भागात खुर्ची घडी न करताही जायची. पावसाळ्याआधी तिचं इंजिन बसलं ते बसलंच. तशीच दुसरी घ्यावी तर ठेवायची कुठे? इमारतीला लिफ्ट बसवली ती आईंसाठीच, आम्हीच दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या. लिफ्टचा खड्डा नेमका आमच्या पार्किंगच्या टोकाला आला. आता तिथे दोन खांबांच्या मध्ये छोटी गाडी मावते, तीही नाक भिंतीला टेकवून.

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. लॅबच्या वाटेवर एक केंद्र आहे. सकाळी वाटेत ठकीला शाळेपाशी उतरवून आईंना तिथे सोडायचं, दिवसभर त्यांचा व्यायाम, जेवण, झोप तिथे होते, संध्याकाळी येताना परत घ्यायचं. दोन वर्षं हे असं चाललं होतं. गाडी गेल्यापासून मी रोज टॅक्सीसाठी रस्त्यावर हात करते. टॅक्सीवाला थांबतो, खुर्ची बघतो, आणि त्याला काहीतरी काम आठवतं.

तर गोष्ट अशी होती. छोट्या गाडीत खुर्ची बसली तर आई घरी राहणार होत्या. नाही बसली तर निवासात. इस्पितळाच्या मागे वृद्धांसाठी एक निवास आहे, तिथली तळमजल्यावरची खोली सोमवारपर्यंत आमच्या नावाने ठेवली होती. नवरा आणि नणंद ती बघून आले. नंतर मलाही बघून ये म्हणाले, मीही बघून आले. आईंना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं गाडी बघायला चाललोय. म्हणजे आम्हाला वाटत होतं, त्यांना तसं वाटतंय.

मी रोज पहाटे अंघोळ करून देवासमोर बसते. त्या दिवशीही बसले. हात जोडले आणि काय मागायचं ते सुचेना. खुर्ची बसू दे, असं तोंडात आलं नाही. बसू देऊ नकोस, असंही नाही. नेहमीचं होतं तेवढं म्हटलं, उठले, आईंच्या गोळ्या काढून ठेवल्या.

शोरूममध्ये थंडगार होतं. फरशी इतकी चकचकीत की खुर्चीची चाकं तिच्यावर चिरचिरत होती. सेल्समन तरुण होता, हसरा, आणि वाकून बोलण्याची त्याला सवय होती. आईंशी बोलताना तो जरा जास्तच वाकला.

"आजी, सीट बघा एकदा. एवढी आरामशीर सीट या साइजच्या गाडीत मिळणार नाही."

"बाळा, मी दिवसभर बसूनच असते," आई म्हणाल्या. "बसण्यातलं मला कळतं. तू फक्त दार पूर्ण उघड."

त्याने दार उघडलं. ते तीन ठिकाणी अडकत अडकत उघडलं आणि जवळजवळ काटकोनात थांबलं. हे चांगलं होतं. जुन्या गाडीचं दार एवढं उघडत नसे. मी खुर्ची दाराशी तिरकी लावली, ब्रेक लावले, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला केल्या. आईंच्या काखेखाली हात घातला. आधी पाठ, मग बूड, मग उजवा पाय त्या स्वतः घेतात, डावा मी उचलून आत ठेवते. सीट कमरेच्या उंचीला होती, खाली कोसळावं लागलं नाही.

"बसले," आई म्हणाल्या. "कुठेही आपटलं नाही. लिहून घे म्हणावं त्याला."

नवरा तोपर्यंत गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला होता. गेले पंधरा दिवस तो रात्रीच्या जेवणानंतर मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघत होता. ट्रॅफिकमध्ये मायलेज किती पडतं, वळायला जागा किती लागते, खड्ड्यात खालून घासते का, हे सगळं त्याने विचारलं. सेल्समनने प्रत्येक गोष्टीला "सर, त्याची काळजीच नको" असं उत्तर दिलं.

"चालवणार कोण, सर?"

"रोज ही. सुट्टीच्या दिवशी मी. मी ऑफिसला बसने जातो. बस दारातूनच मिळते."

"मग मॅडमनाच चालवू द्या."

मी चालवायला बसले. पुढे आई, मागे नवरा, सेल्समन आणि दोघांच्या मध्ये ठकी.

"बाबा, ही सीट तिघांची आहे असं कोण म्हणालं?" ठकीने विचारलं.

"कंपनी म्हणते."

"मग कंपनीला मध्ये बसवा."

क्लच हलका होता. पहिल्या सिग्नलला गाडी बंद पडली, दुसऱ्याला नाही. काचेच्या कडेचा खांब जाडजूड होता, उजवीकडे वळताना रस्ता ओलांडणारा माणूस त्याच्यामागे क्षणभर नाहीसा झाला आणि मग पुन्हा दिसला. तेवढं एक लक्षात ठेवायला हवं होतं. बाकी गाडी शहाणी होती. बाजारापाशी दोन टेम्पो समोरासमोर उभे होते, त्यांच्या मधून मी ती अलगद काढली. गतिरोधकावर सेल्समनचे गुडघे माझ्या पाठीला लागले. तो सॉरी म्हणाला.

वळणावर आई दाराकडे कलंडतात. डाव्या बाजूला स्वतःला सावरायची ताकद नाही. जुन्या गाडीत दोन सीटच्या मध्ये इतकं अंतर होतं की माझा हात पोचत नसे, म्हणून मी दाराशी उशी खोचायची. इथे वळण आलं, मी गिअरवरचा हात उचलला तो सरळ त्यांच्या दंडावर पडला. मी त्यांना धरलं, गाडी वळवली, सोडलं. पुढच्या वळणावर पुन्हा धरलं. आई समोर बघत होत्या.

"आटोपशीर आहे," त्या म्हणाल्या.

मागून नवरा म्हणाला, "गाडी छान आहे. गाडीबद्दल प्रश्नच नाही." आणि मग, "आता डिकी तेवढी बघू."

परत आलो. आईंना मी पुढच्या सीटवरच बसू दिलं, दार उघडं ठेवलं. उतरवायला खुर्ची लागते आणि खुर्ची आता डिकीत घालून बघायची होती.

सेल्समनने डिकी उघडली, वरची पातळ फळी काढून घेतली. नवऱ्याने खुर्ची आणली. सीटचं कापड मधे धरून वर ओढलं की ती मिटते, हे त्याला जमलं. मिटलेली खुर्ची उचलून त्याने डिकीत आडवी ठेवली. मोठी चाकं बाहेर राहिली. उभी ठेवली, झाकण टेकेना. तिरकी ठेवली, एक हँडल काचेला लागायला लागलं. तो तिला फिरवत राहिला, जसं कपाट जिन्यातून चढवताना लोक फिरवतात. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"एक मिनिट, सर." सेल्समनने मागच्या सीटची पाठ खाली पाडली. ती अख्खी पडली, एकसंध. "आता बघा. आरामात."

खुर्ची आरामात गेली. ठकी वाकून आत बघत होती.

"आणि मी कुठे बसू?"

"तू आजीच्या मांडीवर," सेल्समन हसून म्हणाला. कोणी हसलं नाही, तेव्हा तो म्हणाला, "वरच्या मॉडेलमध्ये सीटची पाठ अर्धी अर्धी पडते. पण ते मॉडेल जरा लांब आहे."

"किती लांब?"

सेल्समनने हाताने दाखवलं. नवऱ्याने मान हलवली. तेवढी जागा आमच्या भिंतीपाशी नव्हती.

नवऱ्याने सीटची पाठ पुन्हा सरळ केली. खुर्ची बाहेर काढून फरशीवर ठेवली. हात झटकले. "नाही बसत," तो म्हणाला. आवाजात दुःख नव्हतं, आनंदही नव्हता. लॅबमध्ये आम्ही रिपोर्ट वाचून दाखवतो तसा आवाज होता. "आपण प्रयत्न केला," तो मला म्हणाला. "तू बघितलंस ना, सगळ्या बाजूंनी लावून बघितली."

"हो," मी म्हटलं.

"मी ताईला फोन करून येतो." ताई म्हणजे माझी नणंद. तो काचेच्या दाराकडे गेला. सेल्समनने ठकीला विचारलं, रंग बघायचेत का, आणि तिला घेऊन आत गेला.

त्या खुर्चीची मोठी चाकं निघतात.

चाकाच्या मधोमध एक बटण आहे. ते दाबून धरलं आणि चाक बाहेर ओढलं की अख्खं चाक हातात येतं. दर रविवारी नवरा ठकीला पोहायला घेऊन जातो तेव्हा मी चाकं काढते, कारण केस आणि दोरे आत जाऊन आसाला गुंडाळले जातात. खुर्ची आडवी करून मी आसावरचे साफ करते. एक चाक आईंच्या मांडीवर देते, त्या विणायच्या सुईने त्यातले केस ओढून काढतात. "हा तुझा, हा ठकीचा, हा पांढरा माझा," असं चालतं. चाकं काढली की बाकी खुर्चीचा एक चपटा गठ्ठा उरतो. तो त्या डिकीत बसला असता, वर दोन्ही चाकं ठेवूनही झाकण लागलं असतं. मला ते डिकी उघडल्या उघडल्या दिसलं होतं. मी खुर्ची इतक्या वेळा उचलली आहे की तिचं माप माझ्या हातांना माहीत आहे.

नवरा ती फिरवत असताना मी बाजूला उभी होते. पर्स दोन्ही हातांनी धरली होती. आता सांगू, असं वाटलं नाही. नको सांगायला, असंही नाही. नुसती उभी होते. माझं तोंड बंद होतं आणि ते बंदच राहिलं.

मी पुढच्या दाराशी गेले. आई आरशात बघत होत्या. आरसा चालवणाऱ्यासाठी लावलेला होता, पण त्यातून त्यांना मागचं सगळं दिसलं असणार.

"काय म्हणतोय?"

"बसत नाही म्हणतोय."

"तो म्हणतोय," आई म्हणाल्या.

मी त्यांचा पदर बेल्टमध्ये अडकला होता तो सोडवला.

"खोली बघून आलीस का तू?"

माझे हात थांबले. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुझ्या नवऱ्याला सांग, चोरून बोलायचं असेल तर आधी फोनचा स्पीकर बंद करावा. लहानपणापासून तो असाच आहे. बिस्किटं चोरायचा आणि डबा उघडा टाकायचा." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "खिडकी आहे का खोलीला?"

"आहे. समोर त्यांची धुण्याची खोली आहे. मोठी मशिनं दिसतात."

"मग बरं आहे. माणसाला बघायला काहीतरी फिरतं हवं."

त्या हसल्या नाहीत. मीही नाही. काचेच्या दाराबाहेर नवरा फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता.

"तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं. "तुम्हालाही माहीत आहे."

"मला नाही उचलावी लागत ती. जिला उचलावी लागते तिने बोलावं." त्यांनी उजव्या हाताने डावा हात मांडीवर नीट ठेवला, जसं कोणी पिशवी ठेवतं. "हे बघ, सूनबाई. तू गप्प राहिलीस तर मी पण गप्प. त्याला नाही, तिला नाही, कुणाला नाही. माझ्या बाजूने हे संपलं. तुला काय हवंय तेवढं सांग."

"मला माहीत नाही."

"खरं सांग."

"खरंच माहीत नाही, आई. मला हल्ली काही वाटतच नाही. तुम्ही घरी असलात तरी नाही वाटत. नसलात तरी वाटणार नाही बहुतेक."

असं मी कधी कोणाला बोलले नव्हते. बोलल्यावर आता काहीतरी होईल, त्यांचे डोळे भरतील, माझे तरी भरतील, असं वाटून मी थांबले. शोरूमचा एसी घरघरत होता. सेल्समन ठकीला काहीतरी सांगत होता आणि ती "शी, हा रंग तर शेवाळ्यासारखा आहे," म्हणत होती.

आईंनी स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं.

"याला पण काही वाटत नाही," त्या म्हणाल्या. "मागे गरम चहा सांडला तरी कळलं नाही. तरी तू याची नखं कापतेस."

"वाढतात ना."

"हो. वाढतात."

एवढंच बोलणं झालं. मी काही ठरवलं नाही. ठरवणं म्हणतात तसं माझ्या आत काही झालं नाही, हे मला आजही नीट आठवतं. मी मागे गेले. खुर्ची फरशीवर होती. पर्स खाली ठेवली, वाकले, एका चाकाचं बटण दाबलं, ओढलं. दुसऱ्याचं दाबलं, ओढलं. गठ्ठा उचलून डिकीत आत सरकवला, चाकं त्याच्यावर ठेवली, एकावर एक. झाकण खाली ओढलं. ते लागलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. दोन्ही वेळा लागलं.

नवरा परत आला तेव्हा फोन त्याच्या हातात होता, चालूच. आतून नणंदेचा बारीक आवाज येत होता. त्याने फरशीकडे पाहिलं.

"खुर्ची कुठे गेली?"

"डिकीत."

त्याने डिकी उघडली. तो आत वाकला. मग एका चाकाला बोट लावलं.

"हे निघतं?"

"निघतं."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मगाशी मी एवढा…" तो थांबला. त्याला जे विचारायचं होतं ते विचारलं असतं तर मीही काही विचारू शकले असते, आणि ते त्याला कळलं असावं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. तो चिडला नव्हता. दमलेला माणूस बसायला जातो आणि खुर्ची कोणीतरी उचलून नेलेली असते, तसं काहीसं.

"अगं, पण रोज हे कोण करणार?" तो हळू आवाजात म्हणाला. "सकाळी काढा, तिथे लावा, संध्याकाळी पुन्हा काढा, घरी पुन्हा लावा. तुझी पाठ बघ आधीच कशी झालीय. मी तुझ्यासाठीच म्हणत होतो. ताईला पण मी तेच म्हटलं, हिच्यासाठी म्हणून."

"माझ्यासाठी?"

"मग कोणासाठी?"

"मग निम्मे दिवस गाडी तू ने," मी म्हटलं. "आईंना तू सोड, तू आण. मी बसने जाईन."

"मला ते केंद्र वाटेत नाही. वळसा पडतो."

"पडतो."

"आणि मला बसच बरी पडते. पेपर वाचून होतो."

"मलाही वाचायचा आहे पेपर."

हे मी भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. माझा आवाज मोठा होतही नाही, लॅबमध्ये सगळे म्हणतात, तुम्ही बोललात की आधी जवळ यावं लागतं. नवरा जवळ आला नाही. तो डिकीच्या काठाला धरून उभा राहिला.

पुढून आईंचा आवाज आला. "मला उतरवायचंय की गाडीबरोबर विकत घेताय?"

मी मागे सरकले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी हात बांधून उभी राहिले. मग त्याने फोन डिकीच्या कडेला ठेवला आणि गठ्ठा बाहेर काढला. चाक घेतलं, त्याच्या जागी घातलं. ते आत गेलं, पण सोडल्यावर बाहेर आलं.

"बटण दाबून धरायचं," आई आरशातून बघत म्हणाल्या. "आत जाईपर्यंत सोडायचं नाही."

"दाबलंय, आई."

"मग ते चाक खोटं बोलतंय."

ठकी धावत आली. "बाबा, तसं नाही! थांबा." तिला मी धरून ठेवलं. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा ढकललं. तिसऱ्या खेपेला आतून आवाज आला आणि चाक बसलं. दुसरं पहिल्याच वेळी बसलं. त्याची बोटं काळी झाली होती. सेल्समन कागदी रुमाल घेऊन आला आणि कोणाला द्यावा ते न कळून तसाच उभा राहिला.

खुर्ची दाराशी नेली ती नवऱ्यानेच. ब्रेक लावायला विसरला. मी ब्रेक लावले. आईंना उतरवायला तो वाकला तेव्हा त्यांनी उजवा हात त्याच्या मानेभोवती टाकला, आणि मी त्यांचा डावा पाय उचलून बाहेर घेतला. त्या बसल्या, पदर सारखा केला.

"गाडी चालेल," त्या म्हणाल्या. "पांढरी नको. पांढरी म्हणजे इस्पितळाची वाटते."

डिकीच्या कडेला ठेवलेल्या फोनमधून नणंद अजून हॅलो हॅलो करत होती. नवऱ्याने काळ्या बोटांनी तो उचलला.

"ताई, ऐक. बसते… हो, खुर्ची. नाही, नाही, आधी बसत नव्हती, आता बसते. चाकं निघतात तिची." तो ऐकत राहिला. माझ्याकडे पाठ करून उभा होता. "ती खोली सोडून दे. हो, आजच कळव… अगं, करायचं काय म्हणजे, काढायची आणि लावायची." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"मी," तो म्हणाला.

तिला ऐकू आलं नसावं, कारण त्याने तेच पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं.